‘गोदान’ : कर्जाच्या हिशेबातले दुःख

प्रेमचंदांची ‘गोदान’ (१९३६) ही कादंबरी वाचताना शेवटाकडे धावू नका. होरीच्या मृत्यूइतकाच त्याच्या कर्जाचा हिशेब जिव्हारी लागतो. दारात एक गाय असावी, एवढीच या शेतकऱ्याची इच्छा. उधारीवर आणलेल्या गायीला सख्खा भाऊ विष घालतो. त्याच भावाच्या घराची झडती टळावी म्हणून होरी लाचेसाठी पुन्हा कर्ज काढतो. इथे तुम्हाला त्याचा राग येईल. येऊ द्या, हा चांगुलपणाच त्याला बुडवतो. (मालती-मेहतांच्या शहरी चर्चा मात्र लांबल्या आहेत.) शेवटी आठ आणे रोजावर खडी खोदताना होरीला ऊन लागते. घरात ना गाय, ना वासरू. सुतळी विकून आलेले वीस आणे धनिया त्याच्या थंड हातात ठेवते आणि पुरोहिताला सांगते, हेच यांचे गोदान.