‘शहाणा’ या शब्दाचे विरुद्धार्थी

विरुद्धार्थी शब्दांची जी कोष्टके शालेय पुस्तकांतून पाठ करविली जातात, त्यांत ‘शहाणा’ या शब्दासमोर बहुधा ‘वेडा’ असे लिहिलेले आढळते, क्वचित् ‘मूर्ख’. ‘हुशार’ या शब्दासमोर ‘मठ्ठ’ किंवा ‘ढ’ येतो. एका शब्दास एकच प्रतिशब्द, ही कोष्टककारांची सोय आहे. भाषेचा व्यवहार मात्र या सोयीप्रमाणे चालत नाही आणि ‘शहाणा’ या शब्दाच्या बाबतीत तर तो मुळीच चालत नाही.

एक साधी कसोटी लावून पाहावी. ‘तो शहाणा नाही’ या वाक्यावरून ‘तो वेडा आहे’ असे अनुमान कोणीही मराठी भाषक काढणार नाही. नञ् चे अनेक अर्थ आपल्या वैयाकरणांनी सांगितले आहेत. त्यांत अभाव निराळा आणि विरोध निराळा. शहाणपणाचा अभाव हा वेडेपणा नव्हे. शिवाय ‘शहाणा’ हा शब्द प्रसंगपरत्वे आपला प्रतिपक्ष बदलतो. ‘शहाणा मुलगा आहे माझा’ असे आई म्हणते तेव्हा तिच्या मनातील विरुद्ध शब्द ‘हट्टी’ हा असतो. ‘मुलगी शहाणी झाली’ या प्रयोगात प्रश्न वयाचा असतो. हा शब्द ‘सज्ञान’ या संस्कृत शब्दापासून आला, हे लक्षात घेतले म्हणजे या अर्थाचे आश्चर्य वाटत नाही. कायद्याच्या मराठीत ‘सज्ञान’ याचा प्रतिशब्द आजही ‘अज्ञान’ हाच आहे. ‘हुशार’ हा फारसीतून आलेला शब्द मुळात जागेपणाचा, सावधपणाचा. तापातून उठलेला मनुष्य ‘आता जरा हुशारी वाटते’ असे म्हणतो, त्या वेळी त्याची बुद्धी वाढलेली नसते, मरगळ गेलेली असते.

तीक्ष्ण बुद्धी आणि विवेक या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हा भेद मराठीत कोणी ठामपणे रोवला असेल तर तो समर्थ रामदासांनी. नाशिकजवळच्या टाकळी येथे ज्यांनी बारा वर्षे तपश्चर्या केली असे परंपरा सांगते, त्या रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा आरंभ मूर्खलक्षणांनी केला आहे. ही लक्षणे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. आत्मस्तुती करणे, न विचारता बोलत सुटणे, सासुरवाडीच्या आश्रयाने राहणे: यांतील बहुतेक दोष वर्तनाचे आहेत, आकलनाचे नव्हेत. मूर्खलक्षणांच्या पाठोपाठ जो समास येतो तो ‘शहाण्या’चा नाही, ‘उत्तम’ लक्षणांचा आहे. म्हणजे मूर्खाचा प्रतिपक्ष बुद्धिमान नसून सदाचारी आहे. त्याच दशकाच्या दहाव्या समासात ‘पढतमूर्ख’ येतो. तो बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, ब्रह्मज्ञानही सांगतो आणि तरीही मूर्ख आहे. हुशारी पुरेपूर, शहाणपण शून्य. ज्या कोष्टकात ‘हुशार’ आणि ‘शहाणा’ हे समानार्थी म्हणून दिले जातात, त्याला या एका सामासिक शब्दाने उत्तर मिळते.

लोकभाषेने याच मनुष्याला ‘दीडशहाणा’ म्हटले आहे. येथे एक मौज आहे. ‘उंच’, ‘जड’, ‘गोड’ यांसारख्या विशेषणांत प्रमाण वाढले की गुण वाढतो. शहाणपणाचे तसे नाही. ते कमी पडले तर मनुष्य ‘अर्धवट’, अर्ध्याने वाढले तर ‘दीडशहाणा’ आणि त्याही पलीकडे गेले तर ‘अतिशहाणा’. त्याचा बैल रिकामा राहतो हे सर्वश्रुत आहे. म्हणजे ‘शहाणा’ हा शब्द रेषेच्या टोकाला उभा नसून मध्यावर उभा आहे आणि त्याचे विरोधक त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. दोन रकान्यांच्या कोष्टकात ही मांडणी बसणे शक्यच नाही.

मग ‘वेडा’ कोठे राहिला? तो या रेषेवरच नाही. कुसुमाग्रजांनी प्रतापराव गुजर आणि त्यांच्या सहा साथीदारांच्या १६७४ मधील धाडीवर जी कविता लिहिली, तीत ‘वेड’ हा शब्द वीरांच्या गौरवार्थ आला आहे. युद्धशास्त्राच्या दृष्टीने सात जणांनी सैन्यावर तुटून पडणे हा अविचारच. पण तेथे ‘वेड’ याच्या जागी ‘मूर्खपणा’ घालून पाहावा, कविता कोसळते. ज्या शहाणपणाला ते वेड विरोध करते ते हिशेबी शहाणपण आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांना ‘ध्येयवेडा’ म्हणताना हाच अर्थ अभिप्रेत असतो. उलट ‘वेड पांघरून पेडगावला जाणारा’ मनुष्य पक्का धूर्त असतो; वेड हे त्याचे केवळ पांघरूण.

नाशिकच्याच वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ (१९५७) या नाटकाचे नाव या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ज्या लोकोक्तीवरून हे नाव घेतले तिच्यातील वेडा हा अव्यवहारी मनुष्य आहे: सावली सोडून उन्हात घर बांधणारा. नाटकाचा विषय मात्र मनोविकृती हा आहे. लोकोक्तीतील हसण्याजोगा वेडा आणि घरातल्या माणसांना असह्य होणारे खरे वेड, हे दोन्ही अर्थ त्या एका शब्दात एकमेकांवर आदळतात. प्रेक्षक पहिला अर्थ घेऊन नाट्यगृहात शिरतो आणि दुसरा घेऊन बाहेर पडतो.

कोष्टककारांवरील आक्षेप येथे केवळ तात्त्विक राहत नाही. १९१२ च्या भारतीय कायद्याचे नावच वेडेपणाच्या जुन्या कल्पनेवर होते. १९८७ च्या कायद्याने ते टाकून ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द स्वीकारला आणि २०१७ च्या कायद्याने रुग्णाचे हक्क मांडले. मराठीतही ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आले, जरी ठाणे व येरवडा ही गावे टोमण्यातून अद्याप सुटलेली नाहीत. अशा वेळी शहाणपणाचा विरोधी म्हणून मुलांच्या हाती ‘वेडा’ देणे म्हणजे व्याधीला बुद्धीच्या दोषांत गणणे होय. आजारी मनुष्य हुशार असू शकतो, बऱ्याच अंशी शहाणाही असू शकतो. कोष्टक ते शक्यच नाही असे सांगते.

‘शहाणा’ या शब्दापुढे मोकळी जागा ठेवून पाच-सहा वाक्ये द्यावीत आणि प्रत्येक वाक्यास लागू पडणारा शब्द विद्यार्थ्याकडून काढून घ्यावा. कोठे ‘हट्टी’ येईल, कोठे ‘उतावळा’, कोठे ‘अडाणी’, कोठे ‘भोळा’. आणि ‘मोठा शहाणा लागून गेलास!’ या वाक्यापाशी वर्ग थबकेल, कारण तेथे ‘शहाणा’ हाच स्वतःचा विरुद्धार्थी शब्द झालेला असेल.