'कॉलम्स'ची मोहिनी

व्हिडिओ खेळांविषयी आपल्या घरांतून जे बोलले जाते ते बहुधा तक्रारीच्या सुरात. अभ्यास बुडतो, डोळे शिणतात, ही तक्रार खोटी नाही. परंतु असा खेळ मनाला का धरून ठेवतो, याचे उत्तर तीत नाही. त्या दृष्टीने जे गीर्टसेन यांनी रचलेला आणि जपानच्या सेगा कंपनीने १९९० साली प्रसृत केलेला 'कॉलम्स' हा खेळ अभ्यासण्याजोगा आहे.

सहा घरे रुंद व तेरा घरे उंच अशी एक विहीर. तीन रत्नांची उभी चळत वरून उतरते. एका रंगाची तीन रत्ने उभी, आडवी वा तिरकी जुळली की ती लोपतात आणि वरची खाली घसरतात. मॉस्कोत १९८४ साली अलेक्सेई पाजितनोव यांनी निर्मिलेल्या 'टेट्रिस'मध्ये आकृती फिरवता येते. येथे चळत उभीच राहते, रत्नांचा क्रम तेवढा चक्राकार पालटतो. तीन भिन्न रत्नांचे क्रम सहा संभवतात, हाती लागतात तीनच. या तुटपुंज्या स्वातंत्र्यातच खेळाची गोडी आहे.

दुसरी मोहिनी साखळीची. घसरलेली रत्ने पुन्हा आपसांत जुळतात, त्यांच्या जागी आणखी काही येतात, आणि एका साध्या चालीतून अर्धी विहीर रिती होते. यातील काही योजलेले असते, काही निव्वळ योगायोगाने घडते. खेळाडू मात्र सारे श्रेय स्वतःकडे घेतो. 'टेट्रिस'मध्ये भरलेली ओळ बव्हंशी खेळाडूच्या योजनेचे फळ असते. या बाबतीत तो खेळ मला अधिक प्रामाणिक वाटतो.

'कॉलम्स'च्या मूळ प्रकारात विजय नाही. वेग वाढत जातो, विहीर भरते, डाव संपतो. कथेला शेवटचे पान असते, गीताला अखेरचे कडवे असते. येथे पराभव हाच पूर्णविराम. म्हणून जो अधिक निपुण, तो अधिक काळ अडकतो. मुलाला दटावण्यापूर्वी आईवडिलांनी हे ध्यानी घ्यावे, आणि एक डाव स्वतः खेळून पाहावा. "पुरे" म्हणणे किती कठीण आहे, हे मग त्यांनाही उमजेल. आणि ते म्हणायला मुलाला शिकवताना त्यांच्या शब्दांत राग कमी व समजूत अधिक असेल.