‘भविष्य’ आणि ‘प्रेषित’ : बायबलविषयक वादातील दोन मराठी शब्द

ओवे हे गाव ज्या पनवेल तालुक्यात मोडते, त्याच तालुक्याच्या ठिकाणी बेने इस्रायल समाजाचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर 1849 पासून उभे आहे. प्रार्थनेची भाषा हिब्रू आणि घरची भाषा मराठी, अशी या समाजाची स्थिती होती. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. जुन्या करारातील भविष्ये येशूच्या ठायी पूर्ण झाली हे मिशनऱ्यांचे प्रतिपादन या वाचकांपुढे मराठी शब्दांतून आले, आणि ते शब्द मूळ हिब्रूशी ताडून पाहण्याची सोयही त्यांना लाभली. म्हणूनच या वादातील मराठी परिभाषेची परीक्षा येथे विशेष अगत्याची ठरते.

यशयाच्या सातव्या अध्यायातील चिन्हाचे उदाहरण प्रसिद्धच आहे. मूळ शब्द ‘अल्मा’, म्हणजे वयात आलेली तरुणी. कौमार्याचा निर्देश अधिक काटेकोरपणे करणारा ‘बेतुला’ हा शब्द तेथे नाही. ग्रीक भाषांतरकारांनी ‘पार्थेनॉस’ हा शब्द योजला व मत्तयाने तोच उद्धृत केला. मराठी भाषांतराने दोन्ही स्थळी ‘कुमारी’ म्हटले. मराठीत ‘कुमारी’ म्हणजे मुख्यतः अविवाहित मुलगी, नावामागे ‘कु.’ लिहिताना दुसरा अर्थ कोणाच्या मनात नसतो. ‘कुमारी’मुळे मत्तयाचा काटेकोर अर्थ सैल होतो, आणि यशयाच्या शब्दात नसलेली अविवाहितपणाची अट त्याच्यावर लादली जाते. एकाच शब्दाने दोन ग्रंथांतील अंतर झाकले जाते, आणि वाद मात्र त्या अंतराविषयीच आहे.

याहून मोठी अडचण ‘भविष्य’ या शब्दाची आहे. मराठी मनात तो ज्योतिषाशी निगडित असल्यामुळे, भाकीत केले व ते खरे ठरले, एवढाच पूर्ततेचा अर्थ उरतो. परंतु मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात होशेयाचे जे वचन ‘पूर्ण झाले’ म्हटले आहे, ते मुळात भाकीत नाहीच. इस्राएल लोकांच्या मिसरातून झालेल्या सुटकेचे ते स्मरण आहे. मत्तय जुन्या वृत्तान्तात नव्या घटनेचा आकृतिबंध पाहतो. ही वाचनपद्धती मान्य करावी वा न करावी; मात्र ज्योतिषाच्या कसोटीने तिचे मंडन करणारा आणि त्याच कसोटीने खंडन करणारा, हे दोघेही सारखेच चुकतात. कोकणातील बेने इस्रायलांच्या ‘एलियाहू हन्नाबी’त आणि मुसलमानांच्या बोलीत ‘नबी’ हा शब्द नांदत आहे. त्यात ईश्वराच्या वतीने बोलणे प्रधान आहे. प्रचलित मराठी भाषांतरातील ‘संदेष्टा’ हा शब्द या अर्थाच्या जवळ येतो.

‘प्रेषित’ शब्दाची कथा अशीच आहे. हे कर्मणि धातुसाधित असल्यामुळे ‘कोणी पाठविला?’ हा प्रश्न त्याच्या पोटातच असतो. पौलाच्या अधिकाराचा वाद याच प्रश्नाचा आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील पहिला अध्याय यहूदाच्या जागी निवडावयाच्या माणसाला योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूच्या सहवासाची अट घालतो. पौल ती पुरी करीत नाही. गलतीकरांस लिहिताना तो आपली पाठवणी मनुष्यांकडून नसल्याचे सांगतो. करिंथकरांस लिहिताना प्रभुदर्शन व त्यांची मंडळी यांची साक्ष काढतो. तथापि त्याच कृत्यांचा चौदावा अध्याय बर्णबा व पौल या दोघांनाही प्रेषित म्हणतो. म्हणजे ग्रीक शब्द बारा जणांपुरता मर्यादित नव्हता. मराठीत मात्र ‘प्रेषित’ म्हणताच प्रेषित मुहंमदांचे स्मरण होते, आणि पौल धर्मसंस्थापकाची पदवी मागतो आहे असा वाचकाचा समज होतो. अरबीतील ‘नबी’ व ‘रसूल’ हा भेदही मराठीत याच एका शब्दाखाली लोपतो.

मसीहा आला की यावयाचा आहे, याचा निर्णय भाषाशास्त्राच्या कक्षेत येत नाही. अल्माचा अर्थ निश्चित झाल्याने ख्रिस्ती श्रद्धा ढासळत नाही, की ज्यू नकार अंतिमतः सिद्ध होत नाही. तथापि परस्परांच्या शेजारी राहणाऱ्या समाजांत मतभेद प्रामाणिक राहावयाचा असेल, तर आपण नेमके कशाविषयी भांडत आहोत हे दोन्ही पक्षांस कळले पाहिजे. तेवढे सांगणे हे भाषाभ्यासकाचे कर्तव्य होय.