भिंतीवरचे चित्र आणि भिंतीमागचे घर

चित्राची समीक्षा करताना आपण रेषा, रंग आणि रचना पाहतो. चित्र सार्वजनिक भिंतीवर असेल, तर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : ते कोणासाठी काढले आहे? गावोगावच्या रंगवलेल्या भिंतींकडे आम्ही ह्याच प्रश्नाने पाहू इच्छितो.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झाले, 'माझी वसुंधरा' अभियान २०२० साली. गावांना गुण मिळू लागले आणि शाळांच्या, पाण्याच्या टाक्यांच्या भिंतींना रंग चढला. कोपऱ्यावरचा उकिरडा हटला, पिचकाऱ्या थांबल्या, तर तो लाभच आहे. परंतु चित्र म्हणून पाहू लागावे, तो निराशा पदरी येते. तळहातावर पृथ्वीचा गोल, झाडाला बिलगलेले मूल आणि खाली एक आज्ञार्थी वाक्य! अशी भिंत रहिवाशाशी बोलत नाही, त्याला दटावते.

उपदेश नसेल तेथे वारली नर्तकांची साखळी दिसते. वारली समाजात लग्नघरी स्त्रिया गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. तो चौक विवाहविधीचाच भाग आहे. जिव्या सोमा म्हसे ह्यांनी १९७० नंतर ही कला कागदावर आणून जगापुढे नेली, ती आतून जाणून. करवीर तालुक्यात तिचा साचा ठेवून पांढरा रंग फासला, की विधी जातो आणि केवळ नक्षी उरते. कोल्हापूरच्याच आबालाल रहमान ह्यांना कोटीतीर्थाचे पाणी व झाडी पुरली. मग गडमुडशिंगीच्या भिंतीला तिथला ऊस, शेजारच्या गांधीनगरची कापडपेठ, उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून उठणारे विमान का पुरू नये?

ह्याच परिसरात एक जुना दाखला आहे. १९४३ ते १९४८ ह्या काळात वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. मायदेशातून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली ही माणसे. बहुतांश स्त्रिया व मुले, आणि श्रद्धेने बहुतेक कॅथलिक. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले. ही घरे आपली नव्हेत, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी बराकींपुढे फुलझाडे लावली, वेल चढवले. त्यांना गुण द्यायला कोणी परीक्षक येणार नव्हता. पुढे त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसले. घर हरवलेल्यांनी परक्या मातीत लावलेल्या त्या वेलींना आम्ही परिसरसौंदर्याचा खरा मानदंड मानतो.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या पत्रात हेच सूत्र मांडले. पडक्या दर्शनी भिंतींच्या आड माणसे आपले घर किती मायेने राखतात, ह्याची त्यांनी आदराने नोंद घेतली. आराखड्याच्या देखणेपणाहून तेथे राहणाऱ्यांच्या जीवनाचे सौंदर्य मोलाचे आहे आणि वस्तीची रचना ठरवताना रहिवाशांचे म्हणणे विचारात घ्यावे, असेही त्यांनी आग्रहाने सांगितले.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. चित्रकाराला बोलावण्यापूर्वी गल्लीची बैठक व्हावी. म्हाताऱ्यांना काय आठवते, मुलांना काय पाहावेसे वाटते, हे त्याने ऐकावे. रोप लावण्याआधी वैशाखात त्याला पाणी कोण घालणार, हे ठरावे. नाहीतर शोभेची झुडपे पाहणीपुरती हिरवी राहतात. चित्र थोडे वाकडे आले तरी चालेल. पावसाने त्याचा रंग उडाला, तेव्हा समोरच्या घरातले कोणी आपण होऊन कुंचला घेऊन पुढे आले, तर ते चित्र गावाचे झाले असे समजावे. कोणीच आले नाही, तर त्या चित्राची समीक्षा गावाने केव्हाच करून टाकली आहे.