‘ब्लॅक फ्रायडे’ : बँडचा अल्बम की चित्रपटाचं संगीत? (आणि ‘अभ्यासविषय’ ठरवायचा कसा)

सिनॉप्सिस घेऊन गाईडसमोर बसलात की पहिला प्रश्न ठरलेला असतो : “तुमचा अभ्यासविषय कोणता?” आपण म्हणतो, “हिंदी चित्रपटसंगीत.” सर म्हणतात, “हा विषय नाही, हे गोदाम आहे. त्यातलं काय उचलणार ते सांगा.”

म्हणून आज एकच वस्तू उचलू. इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडचा ‘ब्लॅक फ्रायडे’. बँडच्या अल्बमांची यादी काढली तर ‘कंदिसा’ (२०००) आणि ‘झिनी’ (२००३) यांच्यानंतर हा येतो. आणि अनुराग कश्यपच्या त्याच नावाच्या चित्रपटाचं हे संगीतही आहे. म्हणजे वस्तू एक, पण कपाटं दोन. श्रीरामपूरच्या वाचकांना हे नवीन नाही. गाव श्रीरामपूर, पण तिकीट काढायचं बेलापूरचं. बाहेरचा पाहुणा हमखास गोंधळतो, आपण मात्र दोन्ही नावं सहज वापरतो. संशोधनात तसं सहज वापरून चालत नाही. कोणत्या नावानं हाक मारताय त्यावर पुढचे प्रश्न बदलतात.

आधी चित्रपटाच्या कपाटातून बघू. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. त्या तपासावर एस. हुसेन झैदी यांनी पुस्तक लिहिलं आणि त्यावरून हा चित्रपट झाला. प्रदर्शन जानेवारी २००५ मध्ये ठरलं होतं. खटल्यातले आरोपी न्यायालयात गेले. निकाल लागायच्या आधीच आपल्याला दोषी दाखवलं जातंय, हा त्यांचा आक्षेप. न्यायालयानं प्रदर्शन थांबवलं आणि चित्रपट लोकांसमोर आला तो थेट ९ फेब्रुवारी २००७ ला. मधल्या काळात ‘बंदे’ हे गाणं मात्र चित्रपटाची वाट न बघता फिरत राहिलं. बऱ्याच जणांनी ते आधी ऐकलं आणि चित्रपट नंतर पाहिला. पाहिलाच नाही असेही खूप आहेत.

संशोधक म्हणून इथे थांबा, कारण असा योग क्वचित येतो. चित्रपटसंगीताच्या अभ्यासात क्लॉडिया गॉर्बमनचं ‘अनहर्ड मेलडीज’ (१९८७) हे पुस्तक तुम्हाला वाचावंच लागेल. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की पार्श्वसंगीत आपण ऐकतो पण त्याकडे आपलं लक्ष नसतं, आणि लक्ष नसतं म्हणूनच ते काम करतं. दुसरा मिशेल शिओं. तो म्हणतो, आवाज चित्राला अर्थ देतो, पण आपल्याला वाटतं तो अर्थ चित्रातच होता. याला तो ‘अॅडेड व्हॅल्यू’ म्हणतो. शब्द बाजारातला वाटतो, कल्पना साधी आहे. घरी करून बघा : एखादा प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग पडदा झाकून नुसता ऐका, मग दोन्ही एकत्र. शिओं स्वतः ही पद्धत सुचवतो.

आता या दोघांना ‘ब्लॅक फ्रायडे’समोर उभं करा. जे संगीत न ऐकलं जाण्यासाठी आहे, ते सीडीवर विकायचं कसं? माझं मत सांगतो. अल्बममधले वाद्यांचे बरेचसे तुकडे चित्राशिवाय तग धरत नाहीत. ताण चढतो, काहीतरी होणार असं वाटतं, आणि तुकडा संपतो. जे होणार होतं ते पडद्यावर होतं. हा बँड ज्यांनी मैफलीत ऐकलाय त्यांना माहीत आहे की यांची गाणी लांबलचक असतात. एक धून घेऊन बसतात, तिला फिरवतात, सुस्मित सेनची गिटार आणि असीम चक्रवर्तींचा तबला एकमेकांना वाट देत जातात. चित्रपटाचा काटा त्यांना तेवढा वेळ देत नाही. बँडचा अल्बम म्हणून ऐकलं तर हे तुकडे ‘कंदिसा’च्या जवळपासही येत नाहीत.

ही अडचण इंडियन ओशनची एकट्याची नाही. पिंक फ्लॉइडनं १९७२ मध्ये बार्बे श्रोडरच्या ‘ला व्हॅली’ चित्रपटासाठी संगीत केलं, तेव्हा कच्ची फिल्म समोर ठेवून स्टॉपवॉचनं वेळा मोजल्या होत्या. पण अल्बम काढताना त्याला चित्रपटाचं नाव दिलं नाही, ‘ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स’ असं वेगळंच दिलं. चित्रपट कंपनीशी वाजलं होतं. शेवटी चित्रपटानंच अल्बमचं नाव आपल्या नावाला जोडून घेतलं! उलट क्वीनचा ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९८०) घ्या. त्यात चित्रपटातले संवादच मध्ये मध्ये घातलेत, म्हणजे चित्र विसरायची सोयच ठेवली नाही. नाव, मुखपृष्ठ, श्रेयनामावली या सगळ्याला जेरार जेनेत ‘पॅराटेक्स्ट’ म्हणतो : मजकुराच्या उंबरठ्यावरचा मजकूर. आपल्याकडे हा भाग प्रबंधात दोन ओळींत उरकतात. इंडियन ओशननं चित्रपटाचंच नाव ठेवलं, म्हणजे उंबरठ्यावर १९९३ लिहून ठेवलं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

आता दुसरं कपाट, बँडचं. मला हे जास्त श्रीमंत वाटतं. ‘कंदिसा’चं शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी अरामी प्रार्थना आहे. त्याच अल्बममधलं ‘मा रेवा’ नर्मदेचं. बँडचा बास वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होता. (आणि हो, त्यानं कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएचडी केलीय. पीएचडीनंतर काय करणार असं घरचे विचारतात ना, त्यांना सांगायला एक नाव झालं.) मग ‘झिनी’, तिथे कबीर. आणि त्यानंतर पीयूष मिश्राचं ‘बंदे’.

या रांगेत ठेवून ऐकलं की ‘बंदे’ चित्रपटासाठी मुद्दाम घडवलेलं वाटत नाही. ‘बंदा’ हा शब्दच कबिराच्या आणि सूफींच्या घरातला. देवाचा दास, म्हणजे कोणीही साधा माणूस. त्याला थेट हाक मारून थांब म्हणायचं, ही रीत आपल्या जिल्ह्यालाही परकी नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ याच जिल्ह्यातला, आणि माणसाला थेट हाक घालून जागं करणं ही संतांची जुनीच सवय. गाण्यातला आवाज आरोप करत नाही, विनवतो. ढोलताशा नाही, घोषणा नाही. रॉक बँडकडून स्फोटांवरचं गाणं म्हटल्यावर जो आरडाओरडा अपेक्षित असतो, तो त्यांनी केला नाही. या अल्बममधली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट हीच.

पण याच जागी माझी तक्रारही आहे, आणि ती गाण्यापेक्षा आपल्या ऐकण्याबद्दल जास्त आहे. गॅदरिंगमध्ये ‘बंदे’ गायलं जातं तेव्हा समोरच्यांना ते प्रेरणागीत वाटतं. परीक्षा, करिअर, हरू नकोस, वगैरे. चित्रपट सुटला की थांब कुणाला म्हटलंय हेही सुटतं. चित्रपटात ते फार विचारानं बांधलंय. आधी स्फोट, मग तपास, कोठडीतली मारहाण, शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलेला माल, आणि हे सगळं झाल्यावर शेवटाकडे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगली. श्रीकृष्ण आयोगानं त्या दंगलींतल्या मृतांचा आकडा ९०० दिलाय. म्हणजे स्फोटांचा राग आपल्यात पुरता भरल्यावर दिग्दर्शक मागे नेतो. तिथे पोहोचल्यावर ‘थांब’ हा शब्द एकाच गटाला उद्देशून राहत नाही, बघणाऱ्याकडेही वळतो. सीडीवर हा क्रम नाही. तिथे बंदा म्हणजे दुसरा कोणीतरी, हे मानायला आपण मोकळे.

मग अल्बम अपुरा म्हणायचा का? मी म्हणणार नाही. चित्रपट दोन वर्षं न्यायालयात अडकला होता तेव्हा त्या शुक्रवारची आठवण या गाण्यानं फिरती ठेवली, आणि नावातच तारखेचा धागा ठेवून. तो धागा आपण तोडला, बँडनं नाही.

तुमच्या सिनॉप्सिसपुरतं बोलायचं तर यातून दोन वेगळे प्रबंध निघतात आणि ते एकत्र करायचा मोह टाळा. ‘हिंदी चित्रपटातील रॉक संगीत’ असं शीर्षक देऊन दोन्ही कोंबले की व्हायवात बाहेरून आलेले परीक्षक पहिल्याच प्रश्नात पकडतील. बँडच्या बाजूनं गेलात तर तुमची सामग्री म्हणजे अल्बम, मैफलींची ध्वनिमुद्रणं, मुलाखती, आणि जयदीप वर्मांचा ‘लीव्हिंग होम’ हा माहितीपट. असीम चक्रवर्ती डिसेंबर २००९ मध्ये गेले, त्यामुळे त्याआधीचं आणि नंतरचं गाणं वेगळं ऐकावं लागेल. चित्रपटाच्या बाजूनं गेलात तर न्यायालयाचे आदेश, झैदींचं पुस्तक आणि प्रसंगवार नोंदी. तिसरी वाट पीयूष मिश्राची, ‘गुलाल’पर्यंत (२००९) जाणारी. ती साहित्याच्या विद्यार्थ्यांनी घ्यावी, मराठीवाल्यांनीसुद्धा.

नोंदवही मात्र आजच सुरू करा. डावीकडे मिनिट आणि सेकंद, मध्ये काय ऐकू आलं, उजवीकडे काय दिसलं. पहिल्यांदा ऐकताना उजवा रकाना कोरा ठेवा. चित्रपट पाहून तो भरताना मधल्या रकान्यातलं काही खोडावंसं वाटलं तर खोडू नका, त्याखाली दुसऱ्या रंगाच्या पेननं लिहा.