माफी चारचौघांत मागायची असते

गेल्या काही वर्षांत मराठीत कोवळ्या वयाच्या नायकाच्या घडणीच्या ज्या कादंबऱ्या आल्या, त्यांतल्या पुष्कळशा मला एकाच वाड्यात नेऊन सोडतात. मुलगा किंवा मुलगी वीस-बावीस वर्षांची. आजी नुकतीच गेलेली. माळ्यावर पेटी, पेटीत पत्रं, पत्रांत एक अनोळखी नाव. मग दोनशे पानं धुक्यात जातात आणि शेवटच्या दहा पानांत आईच्या हातावर हात ठेवून सगळ्यांना सगळं माफ होतं. कुणी कुणाला काही परत देत नाही. कुठल्या कागदावर कुणाचं नाव चढत नाही. ज्यांनी तोंडं बंद ठेवली त्या काका-मामांना कुणी एक प्रश्न विचारत नाही. आणि याला आपण प्रगल्भता म्हणतो. मला ही निव्वळ पळवाट वाटते.

मी हे गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यात बसून लिहितो आहे, आणि इथून पाहिलं की ही पळवाट जास्तच खुपते. कामठ्याहून आमगाव लांब नाही, आणि आमगावजवळचं पदमपूर म्हणजेच भवभूतीचं पद्मपूर, असं वा. वि. मिराशींचं मत आहे. त्या भवभूतीनं आठव्या शतकात जे नाटक लिहिलं, त्याचा विषय काय? बापाचं नाव ठाऊक नसलेली दोन पोरं आश्रमात वाढताहेत, आईला घराबाहेर काढल्याचं कारण त्यांच्यापासून झाकलेलं आहे, आणि बारा वर्षांनी ते उघडं पडतं. घरातलं गुपित, वयात येणं, माफी, हे तिन्ही धागे ‘उत्तररामचरिता’त आहेत. आपले कादंबरीकार ते हाताळताना आजही चाचपडतात.

भवभूतीनं माफीचा जो क्रम लावला आहे, तो नीट पाहावा. तिसऱ्या अंकात सीता अदृश्य आहे. राम जनस्थानात येऊन कोसळतो, ती ते पाहते, ऐकते. तिचं मन तिथेच द्रवतं. आपली आजची कादंबरी इथेच संपली असती. भवभूती इथे थांबत नाही. त्याच अंकात तो वनदेवता वासंतीला रामासमोर उभं करतो आणि ती त्याला सरळ जाब विचारते. जिच्यावर अन्याय झाला ती मवाळ झाली म्हणून बाकीच्यांनी गप्प बसावं, हे त्याला मान्य नाही. पुढे सातव्या अंकात तर गंगेच्या काठी नाटकातलं नाटक उभं राहतं. सीतेवर जे गुदरलं ते सगळं प्रजेच्या डोळ्यांदेखत मांडलं जातं, मग अरुंधती सीतेला पुढे आणते आणि नगरजनांना विचारते. ज्या तोंडांतून लोकापवाद निघाला, त्याच लोकांना मान झुकवावी लागते. मुलांना बाप मिळतो तो यानंतर. राम फार स्वस्तात सुटला, असा आक्षेप आज कुणी घेईल, आणि तो मला मान्य आहे. पण अयोध्येला भवभूतीनं सोडलेलं नाही. जखम चारचौघांत झाली, म्हणून भरपाईही चारचौघांत, हा त्याचा हिशेब पक्का आहे.

या हिशेबावर मराठी कादंबरी तपासली तर काय दिसतं? ‘कोसला’ १९६३ ची. पांडुरंग सांगवीकर आणि त्याचा बाप यांच्यातलं भांडण मिटत नाही, आणि नेमाडे ते मिटवायला जात नाहीत. हा प्रामाणिकपणा आहे, आणि तो मोठा आहे. पण ‘कोसला’च्या वारसांनी उचललं काय, तर पोराचं स्वतःशी बोलणं. बाप, जमीन, घरातला पैसा हे मागेच राहिलं. ‘शाळा’ गोड आहे, आणीबाणीही तिथे दाराशी आहे, पण घराच्या आतल्या खोलीत ती शिरत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन मात्र वेगळा. ‘वनवास’पासून पुढे, आईवडलांपासून दूर आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या या पोराचं दुःख संत कधी उघड बोलून दाखवत नाहीत, तो हुंदका त्यांनी वाक्यांच्या मधोमध अडकवून ठेवला आहे. कारागिरी म्हणून मी त्याच्यापुढे हात जोडतो. ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये पठाऱ्यांनी कुळाची शतकं उलगडली. आवाका जबरदस्त, पण त्या पसाऱ्यात पोरवयाला जागा उरत नाही.

सचिन कुंडलकरांच्या २००६ च्या ‘कोबाल्ट ब्ल्यू’वर थोडं थांबायला हवं. एकाच माणसावर जीव जडलेले भाऊ आणि बहीण, आधी तनयचं कथन, मग अनुजाचं. दोघं एकाच छपराखाली एकच दुःख भोगतात आणि ते एकमेकांपुढे मांडू शकत नाहीत. दोन्ही बाजू ठाऊक असलेला फक्त वाचक. इथे खोटी माफी नाही. मध्यमवर्गीय मराठी घरात माणसं बोलायला जागाच ठेवत नाहीत, हे ही छोटी कादंबरी थंडपणे दाखवते. तिच्यानंतर आलेल्या कितीतरी जाड कादंबऱ्यांपेक्षा ती धीट आहे.

तरीही माझ्या मते या विषयावरचं मराठीतलं खरं काम कादंबरीत झालेलंच नाही. ते आत्मकथनांत झालं. शरणकुमार लिंबाळ्यांचं ‘अक्करमाशी’ १९८४ चं, किशोर शांताबाई काळ्यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ चं. या पुस्तकांत माळ्यावरची पेटी नाही, कारण लपवायला काही शिल्लकच नाही. बाप कोण, हे गावाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. कोरी राहते ती शाळेच्या दाखल्यावरची जागा, आणि त्या जागेशी पोराची लढाई सुरू होते. गुपित हे घराच्या अंधारात नसतं, ते सत्तेच्या सोयीनं पाळलेलं मौन असतं, हे लिंबाळ्यांनी दाखवलं. काळ्यांचं पुस्तक आईवर रागावलेल्या पोराचं आहे. तो राग कुठे लपवलेला नाही, मऊ केलेला नाही. आणि मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाला जोडून आईचं नाव आहे. माफीचं असं लेखी रूप आपल्या कुठल्या कादंबरीनं दिलं? या पुस्तकांना ‘दलित आत्मकथन’, ‘भटक्यांचं आत्मकथन’ अशा वेगळ्या कपाटात बंद करून, घडणीच्या कादंबरीची चर्चा करताना ते कपाट उघडायचंच नाही, ही आपल्या समीक्षेची जुनी खोड आहे. त्या खोडीनं कादंबरीचंच नुकसान केलं.

दुसरं कपाट झाडीपट्टीच्या नाटकांचं. धान कापणीला येतं, दिवाळी होते, मंडईच्या जत्रा भरतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात. वडशाच्या कंपन्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीची गावं पालथी घालतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनी चार दिवस कौतुक केलं. बाकी वर्षभर हे ‘भडक’ म्हणून मोडीत. भडक आहेच. संवाद ताणलेले असतात, मधे घातलेली नाचगाणी कथेचा ओघ तोडतात. पण टाकलेली आई, वाटणीत फसवलेला भाऊ, नाव नाकारलेलं पोर, ही माणसं तिथे भरल्या मांडवात उभी राहतात, आणि गुन्हेगाराला त्या मांडवासमोरच गुडघे टेकावे लागतात. कोपऱ्यात बसलेल्या बाया मोठ्यानं बोलून त्याला ऐकवतात. वासंतीचं काम इथे प्रेक्षक करतात. भवभूतीच्या सातव्या अंकाचा वारसा कुठे जिवंत असेल तर तो मंडईच्या रात्री आहे. दिवाळी अंकांच्या दीर्घकथांत मला तो सापडत नाही.

कामठ्यासारख्या गावात कुटुंबाचं गुपित हे बहुतेक वेळा जमिनीचं गुपित असतं. गावाचा इतिहासच तसा आहे. १८१८ मध्ये इथल्या चिमणा पटेलानं इंग्रजांविरुद्ध बंड केलं, ते मोडलं, आणि जमीनदारी त्याच्या घराण्याकडून काढून लोधी घराण्याला दिली गेली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. १९६१ चा सीलिंग कायदा आला तेव्हा ठिकठिकाणी शेतं पुतण्यांच्या, मेहुण्यांच्या, गड्यांच्या नावावर चढली. २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, आणि राखीपौर्णिमेच्या आगेमागे बहिणींच्या हक्कसोडपत्रांवर सह्या घेणं सुरूच राहिलं. ही आहेत आपल्या घरांतली न बोललेली प्रकरणं. प्रेमपत्रं त्या मानानं फार किरकोळ. सतराव्या वर्षी ज्या पोरीला कळतं की आपल्या शिक्षणाचा पैसा आत्याच्या सहीतून आला आहे, तिची कादंबरी मराठीत कुठे आहे? वाड्याची पडझड एलकुंचवारांनी १९८५ मध्ये ‘वाडा चिरेबंदी’त अशी दाखवली की दागिने, कर्ज आणि बहिणीचा वाटा रंगमंचावर खणखणीत ऐकू येतात. नाटककाराला जे जमलं ते कादंबरीकाराला का जमू नये?

उत्तर मिळतं की हे ‘सामाजिक’ आहे, आणि कादंबरीकाराला ‘आतलं’ लिहायचं आहे. ही फाळणी मला मान्य नाही. सातबाऱ्यावरून नाव उतरलेल्या बाईचं आतलं जग त्या उताऱ्यासकट असतं. तिला वगळून भाच्याच्या मनात झालेली माफी ही माफी नसते. तो फक्त भाच्याचा निवांतपणा असतो.

१ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आलंच पाहिजे, असं राज्य सरकारनं २०२४ मध्ये ठरवलं. त्यांतली पहिली मुलं २०३२ मध्ये अठरा वर्षांची होतील. किशोर शांताबाई काळ्यांनी जे पुस्तकाच्या मुखपृष्ठावर स्वतःहून लिहिलं, ते या मुलांना सरकारी कागदांवर आयतं मिळालेलं असेल. त्यांच्यावर कादंबरी लिहिणाऱ्याकडे माझं मागणं एवढंच आहे: नायिकेनं बापाला माफ केलं हे वाचायच्या आधी, आत्याचं नाव शेतावर परत चढलं की नाही, आणि ते चढवताना चावडीत कोण कोण हजर होतं, हे मला त्या कादंबरीत कळलं पाहिजे.