वाढणारीचे गद्य

‘चूल आणि मूल’ हा शब्दप्रयोग मराठीत इतका रुळलेला आहे की त्यात दोन स्वतंत्र वस्तूंचा निर्देश आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही. स्त्रीच्या आयुष्याला समाजाने घातलेले कुंपण एवढाच त्याचा अर्थ आपण घेतो, आणि तो अर्थ खोटा नाही. परंतु हेच कुंपण आपल्या समीक्षेनेही नकळत मान्य केले आहे, याचा विचार व्हावा तितका झालेला नाही. एखाद्या आत्मचरित्रात स्वयंपाकघर आले, तान्हे मूल आले, की टीकाकार त्या पानांना ‘घरगुती वातावरण’ असे नाव देतो, त्यांच्या साधेपणाची दोन शब्दांत प्रशंसा करतो आणि त्याच्या मते महत्त्वाच्या असलेल्या पुढील प्रसंगाकडे वळतो. वातावरण म्हणजे पार्श्वभूमी. आणि पार्श्वभूमीला स्वतःची रचना असू शकते, असे आपण सहसा मानत नाही.

अशी रचना असते, असे मला या लेखात म्हणावयाचे आहे. ती ओळखण्यासाठी प्रथम एक साधा प्रश्न विचारावा लागतो: या घराकडे पाहणारा माणूस पानावर बसलेला आहे, की पळी हातात घेऊन उभा आहे? घरगुती जीवनाचे चित्रण करणारे आपले बहुतेक गद्य जेवणाऱ्याचे गद्य आहे. वाढणारीचे गद्य थोडे आहे. आणि जे आहे त्याला आपण जेवणाऱ्याच्या मापाने मोजत आलो आहोत.

जेवणाऱ्याच्या गद्याचे अत्यंत निर्मळ उदाहरण म्हणजे साने गुरुजींची ‘श्यामची आई’. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठी घराघरांत पोहोचले, आणि १९५३ साली आचार्य अत्र्यांनी त्यावर काढलेला चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. त्यातील ‘अळणी भाजी’ हे प्रकरण वाचकांना आठवत असेल. भाजीत मीठ घालायचे राहून गेले आहे; वडील काही न बोलता जेवतात, मुलेही त्यांच्याकडे पाहून गप्प राहतात; आणि शेवटी आई जेवायला बसते तेव्हा तिला ते कळते. राबून रांधणारीचे मन दुखवू नये हा एकाचा संयम, आणि आपल्या हातून दुसऱ्याच्या पानात असे अन्न गेले ही दुसरीची खंत. प्रसंग सुंदर आहे. पण त्याची बांधणी पाहावी. आपण सर्वजण श्यामबरोबर पाटावर बसलेले असतो. आईला मिठाचा विसर का पडला, त्या वेळी तिच्या कडेवर कोण होते, चुलीत लाकूड ओले होते काय, हे कथनाला ठाऊक नाही आणि त्याची त्याला गरजही वाटत नाही. जेवण जेवणाऱ्यापुढे येते तेव्हाच गोष्ट सुरू होते. अशा गद्यात प्रसंगाला आरंभ असतो, मध्य असतो आणि बोध असतो. कारण जेवणाऱ्याला जेवण सलग मिळालेले असते.

याच्या शेजारी एक बंगाली पुस्तक ठेवून पाहू. राससुंदरी देवींचे ‘आमार जीवन’ हे एकोणिसाव्या शतकातले, बंगालीतले स्त्रीने लिहिलेले पहिले आत्मचरित्र मानले जाते. बाराव्या वर्षी लग्न, पुढे मोठ्या घरातल्या सगळ्यांचे रांधणे-वाढणे, आणि त्यातच एकामागून एक बारा बाळंतपणे. या बाईंनी लिहिता-वाचता येणे हे पाप समजले जाण्याच्या काळात चोरून अक्षरे ओळखली. ‘चैतन्यभागवता’च्या पोथीतले एक सुटे पान, आणि मुलगा अक्षरे गिरवीत असे ते ताडपत्र, ही दोन्ही स्वयंपाकघरात लपवून, रांधता रांधता त्यांनी एकातले अक्षर दुसऱ्याशी जुळवून पाहिले. या घटनेचे ऐतिहासिक महत्त्व सर्वांनी गौरविले आहे. मला लक्ष वेधायचे आहे ते त्याच पुस्तकातील एका दुसऱ्या हकीकतीकडे. सर्वांची जेवणे उरकून बाई पानावर बसणार, तोच अतिथी येतो आणि तयार पान त्याच्यापुढे जाते. पुन्हा बसावे तर मुलांचे काहीतरी उठते. कडेवरचे एक, झोपेतून जागे झालेले दुसरे. असे करता करता दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न जात नाही, आणि हे घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. येथे कथनाला मध्य असा नाहीच. दर वेळी प्रसंग सुरू होतो आणि मोडतो, पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा मोडतो.

या पुस्तकातील काही पाने मी मराठीत उतरविली, तेव्हाची एक चूक येथे कबूल करणे मला आवश्यक वाटते. मूळात हे तपशील छोट्या छोट्या वाक्यांत एकापुढे एक येतात. मला ते विस्कळीत वाटले. मी ‘जेव्हा-तेव्हा’, ‘म्हणून’, ‘तथापि’ अशी उभयान्वयी अव्यये घालून त्यांचे एक डौलदार वाक्य केले आणि मनाशी संतुष्ट झालो. त्या दिवसांत माझी मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. एका दुपारी ती स्वयंपाकघरात बसून बाळाला मऊ भात भरवीत असताना मी ते पान तिला वाचून दाखविले. बाळाने वाटी उपडी केली, तिने भात पुसून घेतला, आणि मग म्हणाली, ‘‘बाबा, तुमचं वाक्य चांगलं आहे, पण एवढं लांब वाक्य पुरं होईपर्यंत हिला बसू कोण देत होतं?’’ त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. एम. ए.ला शिकलेला एकात्मतेचा सिद्धांत मी तिला सांगू शकलो असतो. पण माझी वाटी कधी कोणी उपडी केलेली नव्हती. मी जेवणाऱ्याचे वाक्य वाढणारीच्या तोंडी घातले होते. दुसऱ्या दिवशी मी ते पान फाडून पुन्हा लिहिले.

खंड हा या गद्याचा दोष नसून त्याचा घाट आहे, हे मला तेव्हापासून स्पष्ट झाले. आणि मग मराठीतल्याच एका थोर ग्रंथाचे वाचन मला नव्याने करावे लागले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. चौथा भाग त्यांच्या मृत्यूनंतर, १९३६ साली आला. या ग्रंथाची थोरवी कोणी नाकारलेली नाही. परंतु प्रशंसेचे शब्द पाहिले तर ‘निरागसता’, ‘सहजता’, ‘अकृत्रिमता’ हेच पुनःपुन्हा आढळतात, जणू काही या बाईंच्या हातून पुस्तक घडून गेले! वस्तुतः लक्ष्मीबाई आपले वाक्य जेथे तोडतात तेथे ते तोडण्याला कारण असते. एखादा गंभीर विचार सुरू व्हावा आणि त्याच वेळी घरात कोणी पाहुणा, कोणी अनाथ मूल, किंवा खिशात पैसा नसताना चार माणसे जेवायला घेऊन आलेले टिळक उभे राहावेत, अशी त्यांच्या आयुष्याची आणि म्हणून त्यांच्या परिच्छेदाचीही रीत आहे. त्यांचा विनोद या खंडातूनच निर्माण होतो. राससुंदरी देवी त्याच जागी देवाला हाक मारतात, लक्ष्मीबाई हसतात. स्वभाव भिन्न, घाट एकच.

‘स्मृतिचित्रां’त स्वयंपाकघर ही पार्श्वभूमी नाही, याचा याहूनही मोठा पुरावा ग्रंथाच्या कथानकातच आहे. आरंभी येते ते वडिलांचे सोवळ्याचे वेड; बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात यावयाची नाही. पुढे १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन त्यांच्याकडे आल्या, तरी आपला धर्म आणि आपली चूल त्यांनी प्रथम वेगळी ठेवली. मग विचार करता करता जातिभेद माणसांनी केलेला आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण वाचकाला जाणवते ते हे की खरे स्थित्यंतर त्याआधीच, पाण्याच्या भांड्यापाशी आणि चुलीपाशी होऊन गेले आहे. एका माणसाच्या अंतःकरणातील केवढा मोठा बदल अन्नाच्या स्पर्शातून सांगितला जातो! याला ‘घरगुती तपशील’ म्हणणे म्हणजे रणांगणाला ‘मोकळे मैदान’ म्हणण्यासारखे आहे.

येथे ‘उष्टे’ या शब्दाचा विचार करावासा वाटतो. ज्या समाजात उष्ट्याचा विटाळ मानला गेला, त्याच समाजाने मुलाच्या पहिल्या घासाच्या संस्काराला ‘उष्टावण’ हे नाव दिले. पंक्तीत कोणाचे उष्टे कोणाला चालत नाही. पण मुलाच्या वाटीत उरलेला मऊ भात आई उभ्या उभ्या तोंडात टाकते आणि त्याला जेवण असेही म्हणत नाही. सोवळ्याच्या सर्व शास्त्राला येथे एक फट पडलेली असते. इंग्रजीत भाषांतर करताना या शब्दापुढे हात टेकावे लागतात. ‘उरलेले’ म्हटले तर विटाळ जातो, ‘विटाळलेले’ म्हटले तर माया जाते, आणि तळटीप दिली तर दोन्ही राहतात पण वाक्य मरते.

दुसरा शब्द ‘वाढणे’. मूल वाढते, आणि जेवणही वाढतात. व्युत्पत्तीच्या वादात न शिरता एवढे म्हणता येईल की व्यवहारात मराठी माणसाच्या कानाला हा शब्द एकच ऐकू येतो. त्याला तिसराही अर्थ आहे: नारळ ‘फोडला’ असे म्हणायचे नाही, ‘वाढविला’ म्हणायचे, बांगडी फुटली तरी ती ‘वाढली’. अशुभाला उलट शब्दाने झाकण्याची ही घराघरांतली रीत. ‘आमार जीवन’च्या निमित्ताने मला सुखद धक्का बसला तो हा की बंगालीतही ‘भात बाडा’ म्हणजे भात वाढणे, आणि ‘बाडा’ म्हणजे वृद्धी पावणे. इतकेच नव्हे, घरातले तांदूळ संपले तर बंगाली गृहिणी ते संपले असे म्हणत नाही. ‘चाल बाडंत’, म्हणजे तांदूळ वाढते आहेत, असे म्हणते! रिकाम्या डब्यासमोर उभ्या असलेल्या दोन दूरच्या प्रांतांतल्या स्त्रियांनी एकाच जातीची युक्ती योजावी, याला योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण भाषांतरकाराच्या दृष्टीने ती मोठी ठेव आहे. हिंदीतल्या ‘परोसना’त ही सोय नाही. भारतीय भाषांमधली परस्पर भाषांतरे इंग्रजीच्या मध्यस्थीने करू नयेत, असे तत्त्व म्हणून आपण नेहमी सांगतो. त्याचे प्रमाण हवे असेल तर ते अशा शब्दांत आहे. इंग्रजीवरून मराठीत आलेला ‘सर्व्ह केला’ छापाचा भात वाढत नाही. तो नुसता ताटात पडतो.

वाढणारीचा घाट मौखिक परंपरेत तर फार जुना आहे. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल जनीबरोबर दळू लागतो. म्हणजे देवच पानावरून उठून जात्याच्या बाजूला येऊन बसतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संगृहीत झाल्या. त्यांतील ओवी बहुधा स्वयंपूर्ण असते. पुढची म्हणता आली तर म्हणावी. पाळण्यातले मूल उठले तर येथेच थांबावे, काही अपुरे राहत नाही. ज्या रचनेला कोणत्याही क्षणी थांबता येते, ती रचना शिथिल असते असे कोणी म्हणावे? उलट तिला दर दोन ओळींत पूर्ण व्हावे लागते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की ही कष्टांचीच आरती झाली; उपाशी राहिलेल्या बाईच्या शैलीचे कौतुक करणे म्हणजे तिच्या उपासाचेही कौतुक करणे होय. आक्षेप गंभीर आहे. राससुंदरी देवींना दोन दिवस अन्न मिळाले नाही हा अन्यायच, आणि कोणत्याही घाटाने त्याची भरपाई होत नाही. पण त्या अन्यायाचा पुरावा त्यांच्या मोडलेल्या वाक्यांतच आहे. ती वाक्ये जोडून गुळगुळीत करणारा अनुवादक, किंवा त्यांना ‘भाबडी’ म्हणणारा टीकाकार, तो पुरावा पुसून टाकतो. दुसरा आक्षेप असा की चूल आणि मूल कोठेही आले की त्याला साहित्य म्हणावयाचे काय? अर्थातच नाही. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले; वाटी-चमच्याच्या मापांनी त्याने अनेक नव्या गृहिणींना हात दिला, आणि त्याची भाषा आपल्या कामापुरती निर्दोष आहे. परंतु पाककृतीच्या पुस्तकात मूल रडत नाही. तेथे पहिल्या क्रियेनंतर दुसरी क्रिया निर्वेध येते. साहित्याचा प्रारंभ होतो तो दूध उतू जाण्याच्या आणि मूल पाळण्यातून डोकावण्याच्या एकाच क्षणी. जेव्हा हात दोनच असतात आणि आधी कोठे धावावे हे ठरवावे लागते. तपशील किती आला यापेक्षा त्या तपशिलात कोणाला काही निवडावे लागले काय, हा निकष टीकाकाराने लावावा.

आज चुलीची जागा गॅसने घेतली आहे, जाते बहुतेक घरांतून गेले आहे, आणि मुलाला भरविणारा हात काही घरांत तरी बापाचाही असतो. तेव्हा ‘वाढणारी’ हे पद पुढे स्त्रीलिंगीच राहील असे नाही, राहू नयेही. परंतु पळी हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला जग जसे तुकड्यातुकड्यांनी दिसते, ते दिसणे त्यामुळे बदलणार नाही. त्या दिसण्याचे गद्य आपल्यापाशी आहे. ते वाचायचे तर आपल्या पिढीच्या समीक्षकांना, विशेषतः माझ्यासारख्या आयुष्यभर पंक्तीत बसलेल्यांना, थोडा वेळ पानावरून उठावे लागेल.

माझ्या मुलीने ते दुसऱ्यांदा लिहिलेले पान नंतर वाचले. मध्ये दोनदा बाळासाठी उठली, आणि परत येऊन सोडले होते तेथूनच पुढे वाचू लागली. वाक्य कोठे सुटले होते ते तिला शोधावे लागले नाही.